एक कमी

नाशिक
१६ जून २०२५

उज्वला मॅडम,

तुम्ही माझा नंबर बंद करून ठेवला आहे, म्हणून पत्र. तुमच्या सुरगाण्याकडच्या शाळेचा पत्ता पंचायत समितीतून घेतला. कशाला हवा, असं कोणी विचारलं नाही.

आज शाळा उघडली. तुमचा तिसरीचा वर्ग आता चौथीत गेला. पडलेल्या खोलीच्या जागेवर नवी खोली बांधली आहे, तिथेच त्यांना बसवलं. फरशी गुळगुळीत आहे. भिंतीवर झाड, ससा आणि पूर आल्यावर काय करावे याचा तक्ता रंगवला आहे. तक्त्यातली मुलं हसत आहेत.

तुमच्या जागी रोशनी मॅडम आल्या. नव्या आहेत, रोज पंचवटीहून एसटीने येतात. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "सर, ती मुलगी कुठल्या बाकावर बसायची?" मी म्हणालो, बाक बदलले. बदललेले नाहीत.

एक काम होतं. शाळेचा आपत्ती आराखडा पुन्हा सादर करायचा आहे. जुना तुमच्या अक्षरात होता, बाण काढलेल्या नकाशासह. तो चौकशीत जमा झाला. प्रत असल्यास पाठवावी.

वेदिका दप्तर आणायला मागे फिरली नसती, तर ही वेळ आली नसती. जे झालं ते कोणाच्या हातात नव्हतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नये.

सावळीराम


९ जुलै २०२५

उज्वला मॅडम,

उत्तर आलं नाही. पत्रही परत आलं नाही.

मनाला लावून घेऊ नये, हे मी लिहायला नको होतं. माझ्या जबाबावरून तुमचं निलंबन झालं, मग बदली. विभागीय चौकशी अजून चालू आहे. मी त्याच शाळेत, मुख्याध्यापकाच्या त्याच खुर्चीत आहे. अशा माणसाने ते वाक्य लिहू नये.

नदी अजून पात्रात आहे. वरच्या धरणातून पाणी सोडलं की तलाठ्याचा मेसेज येतो. तो आला की बयाबाई खिचडीचं पातेलं उतरवून ठेवते. किती पाणी सोडलं हे विचारत नाही. परवा दोनदा उतरवलं. मुलांनी अर्धकच्चा भात खाल्ला.

वेदिकाची आई रूपाली रोज सकाळी फाटकाशी येते. आता तिचं शाळेत कोणी नाही. सायखेड्याच्या बाजारात मेथीच्या जुड्या द्यायला जाते, तेव्हा वाटेत थांबते. आत येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगते, "घंटा झाली का दप्तर टाकून द्यायचं. आईनं मारलं तरी चालंल. मागं फिरायचं नाय."

बयाबाई म्हणाली, "रोज तेच. आता पोरं तिच्याआधी म्हणून दाखवत्यात."

मी रूपालीला आत बोलावलं. खुर्ची दिली. ती बसली नाही.

"त्या आठवड्यात तिनं दप्तर भिजवून आणलं व्हतं," ती म्हणाली. "मी म्हणले, परत भिजवलं तर घरात घेणार नाय. सर, ती मला भिऊन मागं गेली."

मी म्हणालो, पाऊस फार होता.

ती म्हणाली, "पाऊस सगळ्यांलाच व्हता."

सावळीराम


२५ जुलै २०२५

उज्वला मॅडम,

आज वर्ष झालं. तारीख तीच, वार मात्र गुरुवारचा शुक्रवार झाला. गावात कोणी काही केलं नाही. मी प्रार्थनेनंतर दोन मिनिटं उभं राहायला सांगणार होतो. सांगितलं नाही.

तुम्हाला माहीत आहे तेच लिहितो. चौकशीच्या कागदांत हे कुठेच नाही, म्हणून लिहितो.

आपलं ड्रिल तालुक्यात पहिलं आलं होतं. लांब घंटा व्हायची. वर्ग मैदानात रांगेत यायचे. एक मुलगी रांगेत यायची नाही. ती चौथीच्या खोलीत जाऊन पायाला पट्टी बांधून झोपायची. ती जखमी. तुम्ही पट मोजून म्हणायचा, "एकतीसपैकी तीस. एक कमी, सर." मी मोठ्याने विचारायचो, "कोण नाही?" सगळा वर्ग ओरडायचा, "वेदिका!" मग सातवीची चौघं दोन बांबूंना बयाबाईची चादर बांधलेली ती झोळी घेऊन धावायची.

तीन वर्षं वेदिकाच. वजनाला हलकी होती, आणि तिला हसू यायचं नाही. तुम्ही एकदा म्हणालात, दरवेळी तीच कशाला, दुसऱ्या कोणाला घेऊ. मी म्हणालो, जमलेलं आहे, बिघडवू नका.

त्या दिवशी ओढ्याचं पाणी मागच्या कुंपणाशी लागलं. मुलांना देवळात हलवायचं ठरलं. लहान वर्गांत रडारड सुरू झाली होती. मुलं घाबरू नयेत म्हणून मी माईकवर म्हणालो, "ड्रिल आहे. रांगा करा."

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. ज्यांनी ऐकलं, त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ती खबरदारी होती, असंच सगळे धरून चालले.

रांगा झाल्या. तुम्ही म्हणालात, "एकतीसपैकी तीस. एक कमी, सर."

मी म्हणालो, "बरोबर."

मागून मुलं ओरडलीसुद्धा. "वेदिका!" मी म्हणालो, "हो, हो, चला." फोनवर साहेब होते.

तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत. मग पहिलीच्या दोघांना कडेवर घेतलंत आणि चालू लागलात. तुम्ही का थांबला नाहीत हे मी स्वतःला खूप वेळा विचारलं. मी बरोबर म्हणालो होतो, म्हणून.

चौकशीत मी लिहून दिलं की वर्गशिक्षिकेने पट पूर्ण असल्याचं सांगितलं.

सावळीराम


२ सप्टेंबर २०२५

उज्वला मॅडम,

वरून पत्र आलं. प्रत्येक शाळेने पंधरा दिवसांत ड्रिल घ्यावं, फोटो पाठवावेत. काल घेतलं.

रोशनी मॅडमनी विचारलं, "जखमी कोण?" मी म्हणालो, कोणी नाही. त्या म्हणाल्या, "सर, नमुन्यात रकाना आहे." तेव्हा तांदळाचं एक पोतं चौथीच्या खोलीत नेऊन ठेवलं.

बयाबाई पदर खोचून बघायला आली. "ह्याला लागलं कुठं, गुर्जी?"

"पायाला," रोशनी मॅडम म्हणाल्या.

"मग खालून फुटंल. वरच्या अंगानं जखमी करा, नायतर दुपारी पोरांला काय घालू?"

मुलं हसली. मीही हसलो. वर्षानंतर शाळेत हसलो, म्हणून लिहिलं.

घंटा झाली. रांगा झाल्या. रोशनी मॅडम मोजून म्हणाल्या, "तीसपैकी तीस, सर. सगळे हजर."

आणि चौथीचा वर्ग सवयीने ओरडला, "वेदिका!"

सगळ्यांनी नाही. आठ-दहा मुलांनी. मग ती एकमेकांकडे बघायला लागली. एक मुलगी तोंडावर हात ठेवून खाली बसली. पोतं उचलायला कोणी धावलं नाही. मी आणि बयाबाईने ते नंतर ओढत नेलं.

फोटो चांगले आले आहेत. पाठवले.

सावळीराम


१२ ऑक्टोबर २०२५

उज्वला मॅडम,

समन्स मिळालं. तुम्हालाही मिळालं असेल. ११ नोव्हेंबर, जिल्हा परिषद, सकाळी अकरा. साक्षीदार म्हणून मी, बयाबाई, आणि मुलीची आई. आईचं नाव वाचलं तेव्हा मी कागद उलटा ठेवला.

एक गोष्ट राहिली आहे. ती तुम्हालाही माहीत नाही.

देवळाच्या सभामंडपात आपण मुलांना बसवलं, मी फोटो काढून तालुक्याच्या ग्रुपवर टाकला. सर्व विद्यार्थी सुरक्षित. बयाबाई पातेलं घेऊन आली, वाढायला लागली. मध्येच मोठा आवाज झाला. कोणी म्हणालं, पिंपळाची फांदी गेली. वाढणं चालू राहिलं. मग ती माझ्यापाशी आली.

"गुर्जी, एक ताट उरलं."

मी म्हणालो, असेल कोणी गैरहजर.

"सकाळी तुम्हीच सांगितलं, एकशे बारा. एकशे बारा ताटं मोजून आणली मी. कोण न्हाय आलं?"

तेव्हा कळलं. धावलो. तुम्ही मुलांपाशी थांबलात.

चौथीच्या खोलीची मागची भिंत आत पडली होती. गावातले दोघे माझ्या पाठोपाठ आले. ते तिच्या डोक्याकडची तुळई उचलत होते, मी पायांकडे होतो. डाव्या पायाला पट्टी होती. प्रथमोपचाराच्या पेटीतली, पांढरी, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत नीट गुंडाळलेली, टोक आत खोचलेलं. तुम्ही शिकवल्याप्रमाणे. खाली पायाला काही झालेलं नव्हतं.

मी ती पट्टी सोडली आणि खिशात घातली.

पट्टी दिसली असती तर कोणीही विचारलं असतं की ती का बांधली, केव्हा बांधली. पंचनाम्यात ती नाही. कोणीतरी म्हणालं, दप्तर आणायला मागे आली असेल. मी हो म्हणालो. दप्तर तिसरीच्या खोलीत होतं, बाकाच्या कप्प्यात, कोरडं. तेही कोणी पाहिलं नाही.

आता माझ्यापुढे हे आहे. मी अकरा तारखेला खरं सांगितलं तर तुमच्यावरचा ठपका जाईल. पण रूपाली समोर बसलेली असेल. तिला कळेल की तिची मुलगी मागे फिरली नाही, मागे फिरायला ती निघालीच नव्हती. आपण येऊन उचलू म्हणून ती डोळे मिटून पडून होती. आज ती स्वतःला दोष देते. उद्या हे घेऊन जगेल. यातलं कुठलं कमी, मला ठरवता येत नाही.

हे वाचून तुम्ही म्हणाल, सर आता तिच्या आडून लपतात. तसंही असेल.

तुम्ही सांगाल तसं करीन. एक ओळ लिहा.

सावळीराम


२८ ऑक्टोबर २०२५

उज्वला मॅडम,

दिवाळीच्या सुट्टीत शाळेत दोनदा जाऊन आलो. पोस्टमनने फाटकातून काही टाकलं असेल, म्हणून. एक कॅलेंडर होतं.

तुमची ओळ आली नाही. हेच उत्तर समजावं का, ते कळत नाही.

निवेदन लिहून ठेवलं आहे. दीड पान झालं. त्यात तुमचं वाक्य जसंच्या तसं घातलं. माझंही.

सावळीराम


९ नोव्हेंबर २०२५

उज्वला मॅडम,

रूपालीला आज सांगितलं.

चौकशीच्या खोलीत पंख्याखाली बसून, तिऱ्हाइतांसमोर तिने ते ऐकू नये असं वाटलं. एवढं एक मला ठरवता आलं.

ती मळ्यात होती. नवरा पाण्याच्या पाळीवर गेला होता. ती मेथी उपटून जुड्या बांधत होती. मी बांधावर बसलो. सगळं सांगितलं. माईकवर काय बोललो ते. तुम्ही काय म्हणालात, मी काय म्हणालो. पट्टी. पट्टी बरोबर नेली होती, तिच्यासमोर ठेवली.

तिने हात लुगड्याला पुसले. पट्टी उचलली नाही.

"म्हणजे ती दप्तराला नाय गेली."

"नाही."

"माझ्यामुळं नाय."

"नाही."

ती बराच वेळ हातातली जुडी बांधत राहिली. दोन वेळा सुटली. मला वाटलं, एक ओझं तरी उतरलं. तसं वाटल्याची मला लाज वाटते.

मग तिने विचारलं, "घंटा कधी झाली?"

"अकराला पाच कमी."

"आन् भिंत?"

"साडेअकरा."

तिने मनात हिशेब केला. ती दहावी झाली आहे, तिला बोटं लागत नाहीत.

"पस्तीस मिनटं," ती म्हणाली. "पस्तीस मिनटं ती वाट बघत व्हती."

तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"तिला हाक मारली आसती तर उठली आसती?"

मी म्हणालो, नसती. ड्रिलमध्ये हाक मारली तरी उठायचं नाही, उचललं की मगच डोळे उघडायचे, असं शिकवलं होतं.

"कोणी शिकवलं?"

"मी."

"सांगितलेलं ऐकायची," ती म्हणाली. मग पुढच्या जुडीला हात घातला. मी उठलो. पट्टी बांधावरच राहिली. मागे वळून पाहिलं तेव्हा ती तिथेच होती.

परवा भेटू. तुम्ही मला ओळख दाखवली नाही तरी चालेल.

सावळीराम


१३ नोव्हेंबर २०२५

उज्वला मॅडम,

तुम्ही आला नव्हता.

मी साडेदहालाच पोचलो. बयाबाईला बरोबर घेतलं होतं. नवं लुगडं नेसून आली होती, जिना चढताना तिला दम लागला. रूपाली येणार नाही, असं तिच्या नवऱ्याने कळवलं होतं. खोलीला कुलूप होतं. कारकुनाने कपाटातून फाइल काढली.

"गुरुजी, हे तर बंद झालं."

"कधी?"

"मॅडमनी आरोप मान्य केला ना. लेखी. अठरा ऑक्टोबरचा अर्ज आहे." त्याने वाचून दाखवला. पट मोजण्यात माझ्याकडून चूक झाली. मला बचाव करायचा नाही. कृपया मुलीच्या आईला साक्षीसाठी बोलावू नये.

अठरा ऑक्टोबर. माझं पत्र बाराचं. टपालाला चार-पाच दिवस लागले असतील.

म्हणजे तुम्ही पत्रं वाचत होता.

मी निवेदन पुढे केलं. त्याने पहिल्या चार ओळी वाचल्या, चष्मा कपाळावर सारला. "आता हे कुठे लावू? शिक्षेचा आदेश निघाला. मॅडम स्वतःच हो म्हणाल्यात. तुमचे निवृत्तीला किती महिने राहिले?"

"सहा."

"मग?"

मी म्हणालो, शिक्का मारून द्या. त्याने शिक्का मारला. म्हणाला, साहेब बघतील. दीड पान त्याने ट्रेमध्ये सगळ्यात खाली सरकवलं. बाहेर आल्यावर बयाबाई म्हणाली, "मला काय विचारलंच नाय कोणी. म्या ताटाचं सांगणार व्हते."

तुम्ही जे तिच्या कानावर जाऊ नये म्हणून स्वतःवर घेतलंत, ते मी दोन दिवस आधी तिच्या बांधावर बसून तिला सांगितलं होतं. तुमचा अर्ज तेव्हा या कपाटात तीन आठवड्यांचा जुना झाला होता. एक फोन केला असता तर कारकुनाने सांगितलं असतं. मला फोन करायचं सुचलं नाही. मला वाटत होतं, ठरवायचं आहे ते मलाच.

काल रूपाली शाळेत आली. मधली सुट्टी होती, चौथीची खोली रिकामी होती. ती चपला काढून आत गेली.

"कुठं?"

मी जागा दाखवली. मागच्या भिंतीजवळ, खिडकीखाली.

"डोकं इकडं?"

"हो."

"खोली एवढी मोठी. भिंतीलाच का झोपवायचे तिला?"

मी खरं सांगितलं. तिथे खिडकीचा उजेड यायचा. व्हिडिओत चेहरा स्पष्ट दिसायचा.

"व्हिडिओ हाय अजून?"

माझ्या फोनमध्ये आहे. तालुक्यात पाठवला होता तोच. मी म्हणालो, नको. तिने हात पुढे केला.

ती खिडकीखाली फरशीवर बसली आणि तिने तो पाहिला. त्यात घंटा होते. तुमचा आवाज येतो, माझा येतो, वर्ग ओरडतो. खोलीत वेदिका पडलेली आहे, डोळे मिटलेले, पट्टी नीट. चौघं दारातून येतात, तिला झोळीत घालतात. उचलल्यावर ती डोळे उघडते आणि कॅमेऱ्याकडे बघते.

रूपालीने तो पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा तिची नजर चित्रावर नव्हती, खाली सरकणाऱ्या आकड्यांवर होती.

"घंटेपासून चार मिनटं," ती म्हणाली. "एवढ्या लवकर यायचे?"

मी म्हणालो, हो. दरवेळी.

सावळीराम